बुऱ्हाणपूर ते हैदराबाद, मुक्काम पातूर

अकोल्याहून दक्षिणेकडे निघालेली गाडी पाऊण तासात पातूरला पोचते. गाव मागे पडलं की घाट लागतो. घाट चढला की मेडशी, मग मालेगाव, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर आणि शेवटी हैदराबाद. या रस्त्याला आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ म्हणतात. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत, त्यांवर किलोमीटर लिहिलेले आहेत. हातातला मोबाइल तर किती वाजता पोचाल तेही सांगतो. अंतर आणि वेळ यांबद्दल कुणाला काही विचारावं, असं आता शिल्लकच राहिलेलं नाही.

माझे आबाजी याच मुलखात बंडी हाकत. पातूरच्या बाजूच्या खेड्यांतून कपाशी भरायची आणि अकोल्याच्या बाजारात नेऊन घालायची, हा त्यांचा हंगामातला धंदा. शाळेत असताना मी त्यांना एकदा विचारलं होतं, ‘आबाजी, हैदराबाद आपल्याकडून किती कोस?’ ते म्हणाले, ‘कोस काय इचारतं बाप्पा, चारा किती लागीन ते इचार.’ मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. पुढे इतिहासाची पुस्तकं चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आलं की म्हाताऱ्यानं प्रश्न टाळला नव्हता, दुरुस्त केला होता. दोन शहरांमधलं अंतर ही जमिनीची लांबी नव्हे. माणसाला, जनावराला, पावसापाण्याला धरून जो हिशेब निघतो, ते अंतर.

आपली जुनी मापंच बघा. कोस हा शब्द संस्कृतातल्या ‘क्रोश’पासून आला. क्रोश म्हणजे हाक. म्हणजे मुळात हे माप गळ्याचं आणि कानाचं. त्यामुळे एका मुलखाचा कोस दुसऱ्या मुलखाच्या कोसाशी जुळत नसे. ढोबळ हिशेबानं तीन किलोमीटर धरा, पण कुठे तो थोडा आखूड, कुठे थोडा लांब. कोसाच्या वरचं माप होतं ‘गाव’. चार कोसांचा एक गाव. आज आपण गाव म्हणजे वस्ती समजतो, पण जुन्या मराठीत गाव हे अंतराचंही माप होतं. त्याच्याही वर होती ‘मजल’. मजल म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल आणि तिच्या शेवटचा मुक्काम. अंतर आणि वेळ एकाच शब्दात बांधलेले. ‘मजल दरमजल करीत’ असं आपण अजूनही बोलतो, पण मजल मारणारा बैल त्या शब्दातून कधीच निघून गेला आहे.

आता बुऱ्हाणपूर आणि हैदराबाद या दोन शहरांकडे वळू. आज कुणी या दोघांचं नाव एका दमात घेत नाही. पण मोगल काळात बुऱ्हाणपूर हे दक्षिणेचं दार होतं. फारुकी सुलतानांची ती राजधानी. १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश अकबराच्या ताब्यात गेला आणि पुढे दक्षिणेतल्या मोहिमा बुऱ्हाणपुरातून हलू लागल्या. इकडे १५९१ मध्ये कुतुबशाहीनं गोवळकोंड्याच्या शेजारी हैदराबाद वसवलं. हिऱ्यांचा आणि कापडाचा व्यापार तिथे होता. एक शहर तापीच्या काठावर, दुसरं मुसीच्या काठावर, आणि मधे अख्खा वऱ्हाड व मराठवाडा. जायच्या वाटा अनेक होत्या. औरंगाबादेवरून एक जात असे. दुसरी बुऱ्हाणपूरहून पूर्णेच्या खोऱ्यात उतरून बाळापूर, वाडेगाव, पातूर, मग घाट चढून वाशीम, हिंगोली, नांदेड अशी जात असे. या दुसऱ्या वाटेनं अंतर भरतं सहाशे किलोमीटरच्या आसपास.

या वाटेवर पातूरच का, हे नकाशापेक्षा जमीन बघून लवकर कळतं. वऱ्हाडाचे जुने दोन भाग आहेत, पायनघाट आणि बालाघाट. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या मातीचा मुलूख तो पायनघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढलं की बालाघाट. पातूर बरोबर पायथ्याशी आहे. उत्तरेकडून आलेला प्रवासी संध्याकाळी इथे पोचला, तर त्याच दिवशी घाट चढणार नाही. बैल थकलेले, पुढे चढण आणि जंगल. म्हणून मुक्काम. दक्षिणेकडून घाट उतरून आलेलाही इथेच दम खाणार. मुक्काम म्हटला की पाणी हवं, चारा हवा, लोहार हवा, किराणा हवा आणि दोन हात जोडायला देवस्थान हवं. गाव असंच घडत जातं.

हा मुक्काम किती जुना, त्याची साक्ष गावाजवळच्या टेकडीत कोरलेली लेणी देतात. इकडे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी झाली. पातूर हे वत्सगुल्मातून उत्तरेकडे उतरणाऱ्याच्या वाटेवरचं ठिकाण. लेणी सहसा माणसांच्या वर्दळीपासून फार लांब कोरत नसत, कारण भिक्षूंना भिक्षा आणि दान देणारे लोक वाटेवरच भेटत. पुढच्या काळात इथे शेखबाबूंचा दर्गा झाला. हे सत्पुरुष दिल्लीकडून आले असं सांगतात. जुन्या कागदांत गावाचं नावच ‘पातूर शेखबाबू’ असं येतं, कारण अकोल्याजवळ दुसरं पातूर आहे, पातूर नंदापूर. दर्ग्याच्या दरवाजाचा संबंध अब्दुल रहीम खानखानानशी जोडला जातो. हा खानखानान म्हणजे दोह्यांचा कवी रहीम. तो अनेक वर्षं बुऱ्हाणपुरात होता. गावात रेणुकामातेचं आणि नानासाहेबांचंही देवस्थान आहे. वाटेवरच्या गावाला एकच देव पुरत नाही, येणारे चारी दिशांचे असतात.

प्रवासाला वेळ किती लागे? ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. त्यानं अंतरांचे आणि दिवसांचे हिशेब काळजीपूर्वक लिहून ठेवले आहेत. सुरतेहून औरंगाबाद-नांदेडच्या बाजूनं गोवळकोंड्याला तो गेला, ती वाट त्याच्या मोजणीनं ३२४ कोस भरली. हा प्रवास त्यानं २७ दिवसांत केला. म्हणजे दिवसाला बारा कोस. १६५३ मध्ये तोच प्रवास पुन्हा केला तर पाच दिवस जास्त लागले. वाट तीच, दिवस निराळे. ताव्हेर्नियेच्या चालीनं बुऱ्हाणपूर-हैदराबाद धरलं, तर सतराएक दिवस लागतील.

पण ताव्हेर्निये हा पैसेवाला प्रवासी. त्याच्याजवळ निवडक, दौडणारे बैल होते. वाटेवर खरी गर्दी त्याची नव्हती, ती होती बंजाऱ्यांच्या तांड्यांची. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे आपण पाहिले आणि अरुंद वाटेवर समोरून तांडा आला, तर तो पुढे जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावं लागतं, असं त्यानंच नोंदवलं आहे. पाठीवर धान्य, मीठ लादलेले हे बैल चरत चरत चालायचे. दिवसाला चार-पाच कोस धरले, तर हैदराबाद गाठायला दीड महिना. त्याच दोन शहरांमधलं अंतर जवाहिऱ्याला सतरा दिवस आणि मिठाच्या गोणीला पंचेचाळीस दिवस. हे बंजारे कुठे गेले म्हणाल, तर ते इथेच आहेत. पातूरच्या घाटावरून वाशीमकडे गेलात की तांडे लागतात, आणि त्याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. देशभरातला बंजारा समाज सेवालाल महाराजांच्या समाधीला तिथे येतो. ज्यांनी या देशाची अंतरं पायी मोजली, त्यांचं तीर्थ आपल्या शेजारी आहे.

या हिशेबात आणखी एक भागीदार आहे, पाऊस. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाक गिळते. ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळ मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल्-मुल्क, दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान आणि त्याच्या मदतीला मराठे. निजाम बुऱ्हाणपूरकडून आला होता. पूर्णेला पूर, संततधार पाऊस, गुडघाभर चिखल, आणि छावणीत धान्य महागलेलं. उतार शोधण्यासाठी त्याला नदीकाठानं कितीतरी कोस हिंडावं लागलं. शेवटी लढाई त्यानं जिंकली. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझखानाचा पराभव करून त्यानं दक्षिणेत आपलं राज्य उभं केलं. नंतर हैदराबाद त्या राज्याची राजधानी झाली. दोन्ही लढाया आपल्या वऱ्हाडातल्या. राज्य ठरवणाऱ्या माणसालाही आधी काळ्या मातीनं थांबवून ठेवलं होतं, हे मात्र पुस्तकांत एखाद्याच ओळीत असतं. आमच्याकडच्या धुरकऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हापर्यंत वऱ्हाडाची मोठी वाट उत्तर-दक्षिण होती. ती फिरवली कापसानं. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांच्या वाटेनं मिर्झापूरला, गंगेच्या काठी जात असे. तिथून पुढे नावेनं. मुंबई त्याच्या नकाशात नव्हती. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी यांच्या पारशी पेढीनं वऱ्हाडातून मुंबईला पहिल्यांदा कापूस रवाना केला. पाचशे बैल, प्रत्येकाच्या पाठीवर एकशेदहा किलोच्या आसपास ओझं. सगळा मिळून माल भरला जेमतेम पंचावन्न टन. आज तेवढा माल तीन-चार ट्रकांत मावेल. पण त्या पाचशे बैलांनी तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळवलं, आणि पुढे सगळा वऱ्हाड त्यांच्या मागे वळला.

१८५३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि मे महिन्यात निजामाशी झालेल्या तहानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांना वऱ्हाडाची काळी माती सोन्यासारखी दिसू लागली. रेल्वेचं काम जोरात सुरू झालं. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून फाटा काढला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. त्याआधी, १८६९ च्या अखेरीस सुएझचा कालवा खुला झाला होता. वऱ्हाडातलं बोंड आणि मँचेस्टरचा माग यांच्यातलं अंतर पाच-सहा वर्षांत इतकं घटलं, की आधीच्या हजार वर्षांत घटलं नसेल.

मुंबईहून आलेले रूळ मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर असे पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून सरळ पूर्वेला गेले. इंजिनिअरांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पुढ्यात मैदान असताना डोंगराच्या पायथ्याकडे कोण वळणार? पण पातूर रुळांपासून दहा कोस दक्षिणेला राहिलं. हैदराबादला जाणारा उत्तरेचा प्रवासीही आता या वाटेनं येईना. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला रेल्वे झाली, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादची लाइन झाली, आणि १९२९ च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ जोडलं गेलं. दिल्ली आणि हैदराबाद एकमेकांच्या जवळ आले. बुऱ्हाणपूर, बाळापूर, पातूर ही मधली गावं होती तिथेच राहिली, आणि तरी लांब गेली. ती कुणी हलवली नाहीत. माणसं त्यांच्यावरून जाण्याचं थांबली, एवढंच.

रेल्वेनं नुसतं अंतर बदललं नाही, घड्याळही बदललं. पूर्वी ज्या गावात सूर्य डोक्यावर आला, त्या गावात दुपारचे बारा. पातूर मुंबईच्या पूर्वेला चार अंशांहून थोडं जास्त आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मुंबईपेक्षा पातूरला मध्यान्ह सोळा-सतरा मिनिटं आधी होते. बैलगाडीच्या प्रवासात ही सोळा मिनिटं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पण आगगाडीला वेळापत्रक लागतं, आणि गावोगाव वेगळी वेळ ठेवून वेळापत्रक लिहिता येत नाही. रेल्वे आधी मद्रासच्या वेळेवर चालायची. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तेव्हापासून पातूरच्या माथ्यावरचा सूर्य घड्याळाच्या दृष्टीनं वीस-बावीस मिनिटं उशिरा येऊ लागला. दोन दूरच्या शहरांना एकमेकांची वेळ कळावी म्हणून मधल्या प्रत्येक गावानं आपली वेळ सोडून दिली.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही याचा मी बराच विचार केला. पण दूरच्या शहरांच्या गोष्टी सांगताना जवळचं अंतर राहून जातं, म्हणून सांगतो.

आमची आजी पहिलटकरीण असताना अडली. १९४० च्या आगेमागे केव्हातरी, श्रावणातली गोष्ट. गावातल्या सुईणीनं हात टेकले आणि अकोल्याला न्या म्हणून सांगितलं. आबाजींनी बंडीवर ताडपत्री बांधली, खाली कडबा आणि गोधड्या घातल्या आणि दिवस बुडता निघाले. दहा कोस. कपाशी घेऊन हीच वाट ते एका रात्रीत करत, संध्याकाळी निघून पहाटे बाजारात. पण ती वाट हिवाळ्यातली. त्या रात्री वाटेतल्या नाल्याला पूर होता. पाणी उतरायला सकाळ झाली. बंडी अकोल्याला पोचली तेव्हा दुपार होती. आजी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. आजी पुढे ऐंशी वर्षांची होऊन गेली, पण अकोल्याला जायचं म्हटलं की त्या नाल्याच्या पुलावर एसटी आली तशी ती खिडकीतून तोंड फिरवून घ्यायची. पूल केव्हाच झाला होता. पुलावरून जायला अर्धं मिनिटही लागत नव्हतं.

त्या काळात मुंबईहून निघालेली मेल एका रात्रीत अकोला गाठत असे. म्हणजे मुंबईपासून अकोला जवळजवळ सहाशे किलोमीटर, एका रात्रीत. आणि पातूरपासून अकोला तीस-पस्तीस किलोमीटर, तेही एका रात्रीत, पाऊस नसेल तर. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की आबाजी मला काय सांगत होते ते कळतं.

स्वातंत्र्यानंतर उत्तर-दक्षिण वाट पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न झाला. १९६० च्या आसपास खांडवा-अकोला-हिंगोली असा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला आणि अजमेर-जयपूरपासून हैदराबादपर्यंत मीटरगेजची सलग साखळी तयार झाली. सातपुड्यात धूळघाटाजवळ रूळ चढण चढताना स्वतःलाच वळसा घालत, ते बघायला लोक खिडकीत गर्दी करायचे. पण हीही गाडी पातूरला आली नाही. तिला घाट चढायला बार्शिटाकळी-अमानवाडीकडची वाट सोयीची होती. २००८ मध्ये अकोला-पूर्णा भाग ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडच्या खांडव्याच्या भागातली मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली, आणि मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून रुंद मार्ग न्यायचा की जंगलाबाहेरून, यावर पुढे बराच वाद झाला. शेवटी बाहेरून न्यायचं ठरलं. वळसा वाढला, पण मला त्यात वाईट वाटत नाही. दोन शहरांमधल्या अंतरात वाघाचाही हिशेब धरायचा असतो, हे निदान एकदा तरी कबूल झालं.

मधल्या काळात राजधानीही सरकत होती. वऱ्हाड निजामाचा होता तोवर पातूरची राजधानी हैदराबाद. मध्यप्रांत-वऱ्हाड झाल्यावर नागपूर. १९५६ पासून मुंबई. गाव जागेवरच, पण कधी सरकार दक्षिणेला, कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला. अर्ज घेऊन जाणाऱ्या माणसाला दर वेळी दिशा आणि दिवस नव्यानं शिकावे लागले.

आणि आता रस्त्यांचे दिवस आले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. नागपूर-मुंबई आठ तासांत, अशी त्याची ओळख. गंमत बघा, रेल्वेनं नागपूर-मुंबई ८३७ किलोमीटर आहे. म्हणजे वेळच नव्हे, दोन शहरांमधले किलोमीटरसुद्धा कायमचे नसतात, वाट बदलली की तेही बदलतात. हा समृद्धी महामार्ग पातूरच्या दक्षिणेला, घाटावरच्या मालेगावकडून जातो. आणि आमचा जुना हैदराबादचा रस्ता चौपदरी झाला आहे. जवळजवळ दीडशे वर्षांनी ती उत्तर-दक्षिण वाट पुन्हा वाहू लागली आहे. पहाटे बुऱ्हाणपूरहून निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला हैदराबादेत असू शकतो. ताव्हेर्नियेचे सतरा दिवस आणि तांड्याचा दीड महिना आज एका दिवसात बसतात.

मी या रस्त्यांच्या विरोधात नाही. तो नाला ज्याच्या घरात माहीत आहे, तो माणूस पुलाच्या आणि डांबराच्या विरोधात बोलूच शकत नाही. आज पातूरहून निघालेली रुग्णवाहिका तासाच्या आत अकोल्यात असते. आजीच्या वेळी हा रस्ता असता, तर मला एक आत्या जास्त असती.

पण इतिहास वाचणाऱ्याला एक सवय लागते. कुणी म्हणालं, अमुक शहर तमुक शहराच्या जवळ आलं, की मधे काय होतं ते तो शोधू लागतो. भरधाव रस्त्याला मुक्काम लागत नाही. मुक्काम नाही, तर लोहार नाही, किराणा नाही, चहाची टपरीही गावाकडून उठून वेशीबाहेरच्या महामार्गावर जाते. गावातली पोरं शिकून रात्रीच्या खासगी बसनं पुण्याला जातात आणि सकाळी तिथे उतरतात, पण घाटावरच्या तांड्यावरून पातूरच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीला शेवटची एसटी चुकली तर रात्र काढायची कुठे, हा प्रश्न पुण्याच्या प्रवासापेक्षा मोठा असतो. मोठी अंतरं तोडली, की छोटी अंतरं उघडी पडतात.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. नवा रस्ता, नवी गाडी जाहीर होते तेव्हा दोन मोठ्या शहरांमधला वेळ मोठ्या अक्षरांत सांगतात. तो सांगावा. त्याच्याच खाली आणखी एक आकडा सांगावा. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच कोसांत जी गावं आहेत, त्यांतल्या अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचायला आता किती वेळ लागेल, श्रावणातल्या रात्री, नाल्याला पूर असताना. हा आकडा मोजायला काही अवघड नाही. गावातल्या कुठल्याही आशाताईला विचारला तर ती तो तोंडपाठ सांगते.

आबाजींनी हैदराबाद कधी पाहिलं नाही. तांड्याच्या बैलांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या. पण पातूरहून हैदराबादला जायला चारा किती लागेल, हे त्यांनी त्या दिवशी मला खरोखरच हिशेब करून सांगितलं होतं. कडब्याच्या पेंढ्या किती, सरकी किती, पाण्याचे मुक्काम कुठे कुठे, आणि घाटात जोडी बदलायची झाली तर दुसरी कुठे मिळेल. मी तेव्हा लहान होतो, मला किलोमीटर हवे होते. तो हिशेब मी लिहून घेतला नाही.